अठरा हजारांच्या पगारात फुटबॉल: सेलूकडच्या एका वडिलांना उत्तर

सेलूजवळच्या एका गावातल्या वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कापसाच्या जिनिंगवर कामाला आहेत, पगार अठरा हजार. अडीच एकर कोरडवाहू रान, त्यात सोयाबीन पिकलं तर पिकलं. स्वतः लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे पक्के चाहते. तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात खेळतो, अकरा वर्षांची मुलगी त्याच्या मागं मागं ग्राउंडवर जाते. बायकोच्या हिशेबानं फुटबॉलच्या नावानं महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातात. ती म्हणते, गॅसची टाकी उधारीवर आणायची वेळ येते आणि घरात हे काय चाललंय? त्यात पुण्याच्या एका अकादमीचा फोन आला की मुलाची निवड झालीय, सुरुवातीला पंचवीस हजार भरा आणि पुढं दर महिना साडेचार हजार. खेळ बंद करावा, की कर्ज काढून पोराला पाठवावं?

भाऊ, खेळ बंद करू नका आणि कर्जही काढू नका. मी परभणीत बऱ्याच वर्षांपासून शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. स्वतःही रात्री जागून सामने बघतो. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक लेकरांच्या घरची कमाई तुमच्याएवढी नाहीतर तुमच्याहून कमीच आहे. त्यामुळं ही ओढाताण मी जवळून बघत आलोय.

तुम्ही खर्चाची यादी दिलीत हे फार बरं केलं. मॅच बघायच्या दोन अ‍ॅपचं रिचार्ज चारशे. शनिवार-रविवारी मित्रांसोबत धाब्यावर मॅच बघताना साडेसहाशे. मोबाइलवर पैसे लावून ‘टीम लावायला’ साडेतीनशे. जर्सी, मफलर, स्टिकर असलं काहीबाही महिन्याला सरासरी तीनशे. आणि मुलाचे बूट, मोजे, बसभाडं मिळून सव्वादोनशे. बेरीज एकोणीसशे पंचवीस. म्हणजे वहिनींनी सांगितलेला आकडा बरोबर आहे, पण त्यातले फक्त सव्वादोनशे लेकरापर्यंत पोचतात. बाकीचे सतराशे तुमच्या बघण्यावर जातात. उद्या पोराचा खेळ बंद केला तर घराचे सव्वादोनशे वाचतील, टाकी उधारीवरच येईल, आणि जे दोन तास लेकरू मोबाइल सोडून धावतं तेवढे मात्र हातचे जातील. म्हणून आधी हे दोन खर्च वेगवेगळ्या पानांवर लिहा. वहिनींसमोर लिहा.

बघण्याच्या खर्चाला मी वाईट म्हणत नाही. दिवसभर कापसाच्या धुळीत राबलेल्या माणसाला शनिवारी रात्री आपला संघ बघावासा वाटतो, ते त्याच्या हक्काचं आहे. पण चाहता किती पक्का आहे हे त्यानं किती पैसे घातले यावरून ठरत नाही, आणि हे तुमच्याच संघाच्या लोकांनी जगाला दाखवलंय. २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या मुख्य स्टँडमधलं सगळ्यांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं, तेव्हाच्या दरानं साडेसात हजार रुपयांच्या आसपास. ६ फेब्रुवारीला अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे त्यांच्या घरच्या मैदानावर, संडरलँडशी सामना होता. ७७ वं मिनिट आलं आणि सुमारे दहा हजार लोक उठून बाहेर गेले. संघ २-० नं पुढं होता, तरी गेले. सामना २-२ असा सुटला. पुढच्या काही दिवसांत मालकांनी माफी मागून तो दर मागं घेतला. त्याच वर्षी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या सगळ्या क्लबांनी बाहेरगावच्या चाहत्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली. हे उठून गेलेले लोक पिढ्यान् पिढ्या त्या क्लबसोबत असलेले. घराला झेपणार नाही असा पैसा मागाल तर देणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. त्याच शहरात लिव्हरपूल आणि एव्हर्टन या कट्टर विरोधकांच्या चाहत्यांनी २०१५ पासून एकत्र येऊन सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर गरजू घरांसाठी किराणा गोळा करायला सुरुवात केली. तिथंही महिन्याअखेर घर चालवणं अवघड असतं आणि चाहत्यांना ते कळतं. तेव्हा तुम्ही धाबा सोडला म्हणून तुमचं लिव्हरपूलवरचं प्रेम तसूभरही कमी होत नाही.

धाब्याऐवजी घरी बसा. तुमच्या गावात मॅच बघणारी चार घरं असतीलच. चौघांनी चार अ‍ॅप घेण्यापेक्षा वर्गणी काढून एकाच घरी एकच रिचार्ज करा, आणि तिथंच सगळ्यांनी जमा. खायला शेंगा, चिवडा, जो तो आपल्या घरून आणील. माझ्या ओळखीच्या काही मंडळींनी हे असंच लावून घेतलंय, महिन्याचा खर्च माणशी शंभराच्या आत येतो. सामनेही निवडून बघा. इंग्लंडमधला शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्याकडं उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो. तो सगळ्या घरानं बघावा. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने रात्री साडेबारा किंवा दीडला असतात. ते तुम्हाला एखाद-दुसरे चालतील, पोराला नाही. तेरा वर्षांच्या लेकराला रात्रीची नऊएक तास झोप लागते. त्याचे स्नायू झोपेत सावरतात, उंची वाढायलाही झोपच लागते. बापासोबत दीड वाजता जागलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी सरावाला येतं तेव्हा त्याचा पहिला पासच चुकतो, हे मला लांबून दिसतं.

पैसे लावणं मात्र आजच्या आज बंद करा, यावर मी काहीही ऐकून घेणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यानंतर मोठी अ‍ॅप थांबली. आता जे कुणी लिंक पाठवून ‘इथं टीम लाव’ म्हणतात ते कायद्याबाहेरचं आहे, पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. साडेतीनशे रुपये दिसायला कमी आहेत. पण हरलेले साडेतीनशे परत मिळवायला माणूस पुढच्या आठवड्यात सातशे लावतो, आणि अशानं बचत गटाचा हप्ता चुकलेली घरं माझ्या ओळखीत आहेत. शिवाय ज्याचे पैसे लागलेत तो खेळ बघत नाही, फक्त आकडे बघत बसतो. पोरगं शेजारी बसून तेच शिकतं.

जर्सीबद्दल एवढंच, वर्षाला एक, तीही दिवाळीत. सरावाला शाळेचा जुना टी-शर्ट चालतो.

आता वर्षाचं चक्र बघा, कारण आपल्या भागात किती पैसे आहेत यापेक्षा ते कधी हातात येतात हे जास्त महत्त्वाचं आहे. पगार दरमहा येत असला तरी रानाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि जून-जुलैत सगळा जातो. मृग लागला की बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं. पंधरा जूनच्या सुमारास शाळा उघडते, वह्या-पुस्तकं, गणवेश, ऑटोचा अ‍ॅडव्हान्स. आणि बरोबर त्याच महिन्यांत शाळेच्या फुटबॉलचाही खर्च उभा राहतो. पावसाळ्यात शाळांच्या सुब्रतो कपच्या खालच्या फेऱ्या आणि पाठोपाठ जिल्हा शालेय स्पर्धा लागतात. मग बाप जुलैत उधारीवर बूट आणतो, तेही घाईत आणि चुकीचे. त्यात विश्वचषकही याच दिवसांत. २०२६ च्या विश्वचषकाच्या तारखाच बघा, ११ जून ते १९ जुलै. म्हणजे ऐन पेरणीत ४८ संघ, १०४ सामने, आणि अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत असल्यानं बरेचसे आपल्या मध्यरात्री नाहीतर पहाटे. उपाय अवघड नाही. सोयाबीनचे पैसे आले की त्यातले दोन हजार वेगळे काढून वहिनींच्या बचत गटात किंवा पोस्टात टाका आणि जुलैतच काढा. बूट दिवाळीत घेऊन ठेवू नका. या वयात पाय सहा महिन्यांत अर्धा नंबर वाढतो, जुलैला ते बोटाला लागतात.

बुटांवर थोडं जास्त बोलतो, कारण खरा पैसा इथं घालायचा आणि इथंच तो सगळ्यांत जास्त वाया जातो. मोठी माणसं सांगतात, पूर्वीचे खेळाडू अनवाणी खेळायचे. खरं आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सशी अवघ्या १-२ नं हरले. पण चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नं हरवलं, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. म्हणजे बूट ही चैन नाही. मात्र कोणते घ्यायचे हे मैदान ठरवतं. दुकानदार चकचकीत, लांब टोकदार खिळ्यांचे स्टड दाखवतो, टीव्हीवरच्या खेळाडूच्या पायात असतात तसले. ते मऊ हिरवळीसाठी बनवलेले असतात. आपलं मैदान म्हणजे एकतर मुरुम टाकून दाबलेलं, नाहीतर काळी जमीन, उन्हाळ्यात भेगाळलेली आणि पावसात तळव्याला दोन किलो चिकटणारी. मुरुमावर ते स्टड रुततच नाहीत. सगळा भार त्या चार-सहा टोकांवरून टाचेत जातो. बारा-तेरा वर्षांच्या पोरांची टाचेची हाडं अजून वाढत असतात, मग ‘सर, टाच दुखते’ म्हणत पोरगं दोन महिने बसून राहतं. आपल्याला लागतात तळाला बारीक रबरी दाणे असलेले बूट, दुकानात ‘टर्फ’ म्हणून मागा. साधी चांगली जोडी सातशे ते हजारात येते आणि मुरुमावर हंगाम काढते. पोराला संध्याकाळी घेऊन जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. खेळायचे मोजे घालूनच माप बघा. पुढं अंगठ्याच्या नखाएवढी जागा राहावी, जास्त नको. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर पाय आत सरकतो आणि घोटा मुरगळतो. डॉक्टरची फी आणि एक्स-रे मिळून नव्या जोडीहून महाग पडतात.

नवीन घ्यायची ऐपत नसेल त्यांच्यासाठी आम्ही शाळेत एक पेटी ठेवलीय. लहान झालेले बूट पोरं धुऊन त्यात टाकतात, ज्याच्या पायाला येतील तो घेतो. तुमच्या शाळेच्या क्रीडा शिक्षकांना सांगून ही पेटी आठवड्यात सुरू होईल, पैसा लागत नाही. बुटांखालोखाल नडगीचे पॅड. नियमानं ते सामन्यात सक्तीचे आहेतच, पण सरावातही घालावेत. दीडशे-दोनशेला मिळतात आणि दोन-तीन वर्षं जातात. चेंडू पाच नंबरचा, कडक मैदानासाठी वरून रबराचा असतो तो घ्या. शिवलेला महाग चेंडू मुरुमावर महिन्याभरात सोलून निघतो. हवा दगडासारखी भरू नका. मोठ्यांच्या सामन्यातसुद्धा चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅमच असतं, पण जास्त हवा भरलेला चेंडू डोक्याला आणि पायाला लागतो, आणि लेकरू चेंडूला भ्यायला लागतं.

सराव शिकवणीचे पैसे भरूनच होतो असं नाही. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेव्हा सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर आपलाही थोडा हक्क आहे असं मी मानतो. पेशानं शिक्षक असलेला हा माणूस. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला आणि त्यांच्याच हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ चं आशियाई सुवर्ण मिळवलं. त्यांच्या गाठीला काय होतं? ते कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धा भरवायचे, ड्रिब्लिंग न करता, म्हणजे चेंडू एकट्यानं पायाशी खेळवत न नेता, फक्त पासवर खेळायच्या स्पर्धा भरवायचे. या दोन्ही गोष्टी फुकट आहेत. आमच्याकडं आठवड्यातला एक दिवस उजव्या पायानं चेंडू मारायची मनाई असते. तुमच्या पोराला घरामागच्या भिंतीवर रोज वीस मिनिटं डाव्या पायानं पास मारू द्या. भिंत चेंडू परत देते, थकत नाही, फी मागत नाही. चार महिन्यांत शिक्षकांना फरक दिसेल.

आता ताट. महिन्याला वाचणाऱ्या पैशातला सगळ्यांत मोठा वाटा इथं जायला हवा, आणि वहिनींचा यात शब्द चालू द्या. दुकानात मिळणारी प्रोटीनची डबी या वयात नको, पिवळी-निळी एनर्जी ड्रिंकही नकोत. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. सराव संपल्यावर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, नाहीतर फुटाणे, आणि रात्री दोन अंडी. अंडी खात नसाल तर मटकी किंवा हरभऱ्याची उसळ नि ताक. आजच्या भावानं दिवसाला अठरा-वीस रुपये होतात, महिन्याला सहाशेच्या आसपास. सामन्याच्या दिवशी खेळण्याआधी दोन-तीन तास ज्वारीची भाकरी नि वरण, अगदी आधी काही खायचं तर केळं. अर्धापूरची केळी आपल्याकडं बाराही महिने असतात. ऐन मॅचच्या तोंडावर वडापाव खाऊन आलेलं पोरगं पहिल्या अर्ध्यातच पोट धरतं.

पाण्याचं तर आपल्या भागात वेगळंच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वाटलं तर लिंबू. उन्हात खेळणाऱ्या लेकराला एवढं पुरतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत सराव संपवायचा, संध्याकाळी साडेपाचच्या आधी सुरू करायचा नाही. तोंडाला कोरड, मळमळ, डोकं दुखणं दिसलं की सावलीत बसवायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही. आणि कपडे. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या घरात रोज एक चिखलाचा जोड धुवायचा म्हणजे माय वैतागणारच, आणि तिचं चुकत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. म्हणून आमच्या पोरांना नेम घालून दिलाय. ग्राउंडवरून आल्यावर स्वतःच्या आंघोळीच्या उरलेल्या पाण्यात स्वतःचे मोजे-चड्डी स्वतःच खळखळायचे. चिखल वाळू द्यायचा, झटकायचा, मग पाण्यात घालायचा, अर्ध्या पाण्यात काम होतं. हे पोरानं केलं ना, तर घरातली फुटबॉलवरची निम्मी नाराजी तिथंच संपते.

राहिला पुण्याचा फोन. तुमच्या पोराला खेळताना कुणी न बघता निवड झाली असेल तर ती निवड नाही. टाटा फुटबॉल अकादमी जमशेदपूरला १९८७ पासून आहे, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे. अशा ठिकाणी पोरं मैदानावर बघून, चाचण्या घेऊन निवडतात आणि निवडलेल्यांचं राहणं-शिकणं शिष्यवृत्तीवर होतं. जगभर असंच आहे. खेळाडू पुढं व्यावसायिक झाला की बाराव्या वर्षापासून त्याला घडवणाऱ्या क्लबांना फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमानं मोबदला मिळतो, म्हणून क्लब चांगल्या पोरावर स्वतः पैसा घालतात. फी घेणाऱ्या सगळ्याच अकादमी खोट्या असतात असं मुळीच नाही. शहरात राहणाऱ्याला संध्याकाळी दोन तास शिकायला त्यातल्या कितीतरी चांगल्या आहेत. पण तेरा वर्षांचं पोर घराबाहेर ठेवायचं असेल तर पैसे भरायच्या आधी स्वतः जाऊन बघा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची अकादमी म्हणून मान्यता आहे का, मार्गदर्शकाकडं महासंघाचं लायसन्स आहे का, पोरं कोणत्या शाळेत जातात, महासंघाच्या नोंदणीत पोराचा खेळाडू क्रमांक निघणार का, हे विचारा. राहायची खोली आणि स्वयंपाकघर डोळ्यांनी बघा. ‘स्पेनला पाठवू’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. मोजके अपवाद सोडले तर अठराच्या आतल्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली करायला फिफाची मनाई आहे.

आणि तुम्ही बाप आहात म्हणून हेही सरळ सांगतो. फुटबॉलवर पोट भरणारे खेळाडू आपल्या देशात थोडे आहेत. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यांत वरच्या लीगचा, हंगामच अडकला, काही क्लबांनी पहिल्या संघातल्या खेळाडूंचे पगारसुद्धा थांबवले. त्या भरवशावर अडीच एकर गहाण टाकायचं नसतं. पण शाळेतल्या खेळाला आपल्या राज्यात दुसरी किंमत आहे. मान्यताप्राप्त स्पर्धांत नियमात बसेल एवढी कामगिरी झाली तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, आणि मोठ्या पातळीवर यश मिळवणाऱ्यांना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. यासाठी शाळेची नोंद जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेवर जावी लागते आणि मूळ प्रमाणपत्र जपावं लागतं. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र धरतात हे त्याच कार्यालयात विचारा, कारण सुट्टीत कुणीही भरवलेल्या चषकाचा कागद यात चालत नाही. प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका, पडताळणीच्या वेळी अडचण येते. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

तुमच्या प्रश्नात मुलीचं नाव एका ओळीत येऊन गेलं, आणि माझं मन तिथंच अडकलंय. अकरा वर्षांची पोरगी भावामागं रोज ग्राउंडवर जाते आणि बाहेर बसून बघते, म्हणजे तिला खेळायचंय. खर्चाचं म्हणाल तर ती मुलापेक्षा स्वस्तात खेळेल. गावाकडच्या पोरींना बारावीपर्यंत शाळेला जायला एसटीचा पास फुकट आहे, मुलाच्या पासाला तिसरा हिस्सा भरावा लागतो. भावाचे लहान झालेले बूट असतील तर ते बघा, चेंडू तिला चार नंबरचा लागेल. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती ती घेते का एवढं वहिनींनी विचारावं. आपल्याकडच्या पोरींना धाप लागते ती पुष्कळदा रक्त कमी असल्यानं. २०२५ च्या जुलैत भारताच्या महिला संघानं थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवून आशिया कपची पात्रता मिळवली. त्यातल्या कितीतरी जणी तुमच्या-माझ्यासारख्या घरांतल्या आहेत. जिल्ह्यात पोरींचे संघ अजून थोडे आहेत, त्यामुळं चांगल्या पोरीला वरच्या फेरीपर्यंत जायची संधी मुलापेक्षा लवकर मिळते.

अडचण एवढीच येईल की शाळा म्हणेल, पोरींचा संघ होत नाही. चौदा वर्षांखालच्या संघाला शाळेतल्या चौदा-पंधरा पोरी हव्यात, आणि त्यांच्या घरून परवानगी हवी. ती परवानगी सर मागायला गेले तर मिळत नाही, दुसरी आई मागायला गेली तर मिळते. वहिनींना सांगा, शाळा सुटल्यावर दोन-चार घरी जाऊन यायचं, ग्राउंडवर कोण असतं, किती वाजता सुटतं, पोरी परत कशा येतात, एवढंच सांगायचं. पहिले पंधरा दिवस आयांपैकी कुणीतरी एकीनं ग्राउंडवर येऊन बसावं.